चाळीस सेकंदांचं मौन

सरिताचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर गहू वाळत घालत होतो. सरिता म्हणजे इथं जबलपुरात अधारतालला प्रभाताईंच्या शेजारी राहणारी बाई. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या पोळ्या तीच करून द्यायची. "अंकल, दीदी नहीं रहीं," ती म्हणाली. आणि मी, सदुसष्ट वर्षांचा शहाणासुरता माणूस, तिला विचारलं, "कौन-सी?" ती हळू आवाजात म्हणाली, "कौन-सी क्या अंकल? अब एक ही तो थीं." मी इथल्या मराठी मंडळाचा सचिव. अशी बातमी आली की पंधरा घरी फोन करायचा, हे माझं काम. त्या दिवशी मी लगेच एकही फोन केला नाही. गहू तसेच टाकले, स्कूटर काढली आणि अधारतालला गेलो. जाऊन चेहरा पाहिला. पांढरी शाल हनुवटीपर्यंत ओढलेली, चष्मा काढल्यामुळे नाकावर दोन खळगे. प्रभाताईच होत्या. मग बाहेर ओट्यावर येऊन पहिला फोन लावला. मी असा का वागलो, ते सांगायला हा लेख लिहितोय.

खरं तर या पुरवणीच्या संपादकांना माझ्याकडून वेगळंच हवं होतं. आमचा काव्यमेळा पंधरा दिवसांवर आलाय. दोन दिवस, मंडळाचा हॉल, गावोगावचे कवी. यंदा काय ऐकावं, कुठं बसावं, नवख्या माणसानं काय चुकवू नये, अशा चार सूचना लिहून द्या, असं त्यांनी सांगितलं होतं. मी हो म्हटलं आणि कागद पुढे ओढला तेव्हा लक्षात आलं की हे काम आपलं नव्हतंच कधी. मेळ्याच्या सूचना प्रभा साठे लिहायच्या. बावीस वर्षं लिहिल्या. मेळ्याच्या आधी आठ दिवस हॉलच्या दारावर त्यांच्या हातचं एक पान चिकटवलेलं असायचं, त्याच्या झेरॉक्सा घरोघरी जायच्या, अलीकडे फोनवरून फिरायच्या. कार्यक्रमपत्रिका आम्ही छापायचो आणि लोक वाचायचे ते प्रभाताईंचं पान.

त्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात निरीक्षण विभागात होत्या. मी ड्रॉइंग ऑफिसात. आमच्या टेबलावर कागदावरच्या रेघा, आणि त्यांच्या टेबलावर त्या रेघांवरून बनून आलेला माल. गेज लावायचं, माप पाहायचं, बरोबर असेल तर निळा ठिपका, दुरुस्त होण्यासारखं असेल तर पिवळा, नाहीतर लाल. पास, रीवर्क, रिजेक्ट. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाची नजर बदलते म्हणतात. प्रभाताईंची नजर तर लग्नाच्या पंगतीत बसल्या तरी जिलेबीचे वेढे मोजायची. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर अधारतालच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची धाकटी बहीण शशीताई, दोघीच. शशीताईंना संधिवातानं तरुणपणीच खाटेवर खिळवलेलं. त्यांना आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. प्रभाताई कारखान्यातून सुटल्या की सायकलवर, पुढे मोपेडवर थेट घरी. वर्षातून दोनच दिवस त्या उशिरापर्यंत बाहेर असायच्या, ते मेळ्याचे.

हॉलच्या दाराशी, शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची. मांडीवर शाळकरी वही, हातात पेन्सिल, मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ. कवी उभा राहिला की घड्याळ बघायच्या, बसला की पुन्हा बघायच्या. टाळ्या वाजवायच्या नाहीत, मान हलवायची नाही, नुसतं लिहायचं. आणि पुढल्या वर्षीच्या पानावर त्याचा निकाल लागायचा. 'पंख्याखाली बसू नये, पंखा कवीपेक्षा मोठ्यानं बोलतो.' 'नागपूरकर पाहुण्यांची दुसरी कविता ऐकावी, पहिली ते सगळीकडे म्हणतात.' 'अध्यक्षीय भाषणाच्या वेळी बाहेर पोहे गरम असतात.' 'मुलांना आणा. त्यांना मराठी बोलता येत नसलं तरी समजतं, आणि न समजणारे मोठेही पुष्कळ येतात.' आणि खाली कवींच्या नावांपुढे ठिपके. निळा ठिपका मिळालेला कवी ते पान घडी करून खिशात ठेवायचा. पिवळा मिळालेल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. कार्यकारिणीच्या बैठकीत दर वर्षी कोणीतरी उठून विचारायचं की या बाईला हा अधिकार कोणी दिला? कोणी दिला नव्हता. पण पान दारावरून काढायची हिंमतही कोणात नव्हती.

मीही कविता करतो. म्हणजे करायचो. ओळीनं नऊ वर्षं माझ्या नावापुढे पिवळा ठिपका होता. एका वर्षी त्यापुढे शेरा आला: 'चार ओळी चांगल्या. सोळा वाचतो.' बायकोनं ते पान देव्हाऱ्याशेजारी लावलं, माझा माज उतरावा म्हणून. मी आठवडाभर धुमसलो. मग एका दुपारी ती कविता काढून बसलो आणि बारा ओळी खोडल्या.  पुढच्या मेळ्यात तेवढ्या चारच वाचल्या आणि खाली बसलो. हॉलमध्ये कोणाला कळेचना की संपली. टाळ्याही धड पडल्या नाहीत. पण त्या पुढल्या वर्षी माझ्या नावापुढे निळा ठिपका होता आणि शब्द एकच, 'पास'. मला कारखान्यातल्या बढतीचंही एवढं कौतुक वाटलं नव्हतं. निमंत्रणपत्रिका घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा नेहमीप्रमाणे ओट्यावरच उभा होतो. आतून खोकल्याचा आवाज आला आणि कोणीतरी विचारलं, "कोण आलं गं?" प्रभाताई म्हणाल्या, "मंडळाचा सुधाकर." आतला आवाज म्हणाला, "सोळा ओळीवाला?" आणि दोघी बहिणी हसल्या. मीही हसलो. घरात आपली थट्टा चालते, एवढाच अर्थ मी त्यातून घेतला.

आता त्या चुकीकडे येतो. आमच्या मेळ्याची एक रीत आहे. उद्घाटनाच्या आधी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचायची आणि दोन मिनिटं उभं राहायचं. ही नावं कवींची नसतात, श्रोत्यांची असतात. मंडळाच्या जुन्या अध्यक्षांनी हे सुरू केलं. त्यांचं म्हणणं, कवी मेला तर पेपरात येतं, ऐकणारा मेला तर आपल्याशिवाय कोण विचारणार? जबलपुरातली मराठी घरं मोजकी, त्यांतही कविता ऐकायला येणारी त्याहून मोजकी. त्यामुळे नाव वाचलं की हॉलमध्ये पन्नास माणसांच्या डोळ्यांपुढे एकेक खुर्ची येते. लोक एकवेळ पाहुण्या कवीला उशिरा येतील, पण या यादीला वेळेवर येतात. यादी करायचं काम माझं. वाचायचंही माझंच.

गेल्या वर्षी मेळ्याच्या आदल्या दिवशी मी हॉलमध्ये खुर्च्या लावून घेत होतो तेव्हा कारखान्यातला एक जुना सहकारी भेटला. बोलता बोलता म्हणाला, अधारतालच्या साठे बहिणींमधली एक गेली, दिवाळीच्या सुमाराला. मला धक्का बसला. त्या वर्षी प्रभाताईंचं पान आलेलं नव्हतं. पत्रिका द्यायला मी स्वतः गेलो नव्हतो, एका पोरीच्या हाती पाठवली होती आणि घर बंद दिसलं म्हणून तिनं ती दारातून आत सरकवली होती. सगळं जुळत होतं. मी त्यांच्या घरी एक फोन लावला, कोणी उचलला नाही. दुसरा लावला नाही, कारण तेवढ्यात मांडववाला आला. पाहुण्यांची गाडी, हार, माइक, पोहे... आणि यादी तर श्रोत्यांची. शशीताई कधी मेळ्याला आल्याच नव्हत्या. मग जी गेली ती प्रभाताईच असणार, असा माझा हिशेब. मी यादीत शेवटचं नाव लिहिलं, प्रभा साठे. स्कूटरनं अधारताल वीस मिनिटांवर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माइकसमोर उभा राहून नावं वाचली. शेवटचं प्रभाताईंचं. "आपण सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं मौन पाळू या," म्हटलं आणि मान खाली घातली. खुर्च्या सरकल्याचा आवाज थांबला. मग का कोण जाणे, मी मान वर केली. शेवटच्या रांगेत, दाराशी, कडेच्या खुर्चीपुढे प्रभाताई उभ्या होत्या. करड्या रंगाचा स्वेटर, हातात मिटलेली वही. सगळे उभे होते तशाच उभ्या. माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही, निरीक्षण विभागात माल आला की बघायच्या तशा. त्यांच्या शेजारच्या दोन बायका त्यांच्याकडे बघून डोळे विस्फारून पुन्हा माझ्याकडे बघू लागल्या.  मला एवढंच सुचलं की हे संपवायला हवं. मी म्हणालो, "बसा."

तेव्हाच चूक सुधारता आली असती. माइक हातात होता. दोन वाक्यांचं काम होतं. पण प्रमुख पाहुणे व्यासपीठावर येऊन बसले होते, कार्यक्रमाला आधीच उशीर झाला होता, अध्यक्ष पुढे चला म्हणून हात करत होते... ही झाली कारणं. खरं सांगायचं तर मला लाज वाटली आणि लाजेपुढे माझं काही चाललं नाही. मी स्वागतगीत जाहीर केलं. प्रभाताई बसल्या, वही उघडली, मनगट वळवून घड्याळ पाहिलं आणि लिहायला लागल्या. दोन्ही दिवस त्या आल्या, शेवटपर्यंत बसल्या. मी मात्र दोन्ही दिवस पोह्यांच्या टेबलाकडे फिरकलो नाही. चोराच्या मनात चांदणं. त्यांच्या खुर्चीशेजारचं दार ओलांडावं लागू नये म्हणून मी मागच्या जिन्यानं ये-जा केली. मंडळींनी आपल्या परीनं सारवासारव केली. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, ताई आता शंभरी गाठणार, असं कोणी कोणी त्यांना हसत सांगितलं म्हणे. मलाही तेच सांगून गप्प केलं. आणि मी त्या म्हणीच्या आडोशाला दीड महिना काढला. घरी बायको रोज विचारायची, गेलात का? मी रोज सांगायचो, उद्या.

गेलो तेव्हा होळी जवळ आली होती. हातात इथली खव्याची जिलेबी. अपराधी माणूस गोड घेऊन जातो. प्रभाताईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "काहून उभा आहे बाहेर? आत ये नं." त्या घरात मी पहिल्यांदा आत गेलो. खिडकीशी एक खाट होती, गादी गुंडाळून ठेवलेली, नुसत्या पट्ट्या दिसत होत्या. उशाशी फळी आणि फळीवर शाळकरी वह्यांची चळत. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हातानं थांबवलं आणि चहा ठेवायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "वह्या पाहा तोवर."

एका मेळ्याची एक वही. डाव्या पानावर पेन्सिलीनं प्रभाताईंचं सरळ, मोजून मापून लिहिलेलं अक्षर: कवीचं नाव, किती वाजता उठला, किती वाजता बसला, काय म्हणाला, जमतील तेवढ्या ओळी जशाच्या तशा, कुठं लोक हसले, कुठं खोकले. आणि उजव्या पानावर निळ्या शाईत वेगळंच अक्षर, तिरकं, वर्षागणिक मोठं आणि थरथरतं होत गेलेलं. 'हा दुसऱ्यांदा फसवून राहिला, गेल्या वर्षी हीच नदी होती.' 'पंख्याचा आवाज तू चार वेळा लिहिला आहेस, म्हणजे तिथं बसू नये.' 'हिची तिसरी ओळ मला पुन्हा सांग.' मी माझं पान शोधलं. डावीकडे माझ्या सोळा ओळी, प्रभाताईंनी धावत्या हातानं उतरवलेल्या. उजवीकडे त्यांतल्या चार पुन्हा लिहिल्या होत्या, एकेक अक्षर कष्टानं काढलेलं. खाली लिहिलं होतं, 'एवढंच आहे त्याच्याजवळ, पण हे खरं आहे. त्याला सांग.'

प्रभाताई चहा घेऊन आल्या. वही माझ्या हातात तशीच उघडी होती. त्या म्हणाल्या, "मला काय समजते कवितेतलं? मी माप घ्यायची. पास-नापास शशी ठरवायची. खाटेवर पडून पडून ऐकायची माझ्या तोंडून, दोन-दोन महिने पुरवायची एक मेळा. ठिपके तिचे, शेरे तिचे. पान लिहायला तिची बोटं चालत नव्हती म्हणून मी उतरवून घ्यायची."

बावीस वर्षं आमच्या मेळ्याला एक श्रोता होता ज्यानं हॉलची पायरी कधी चढली नाही. आमच्यापैकी निम्मे लोक जे ऐकून जाग्यावर विसरायचे ते ती बाई दोन महिने पुरवून खायची. आणि ती गेली तेव्हा मी तिला श्रोत्यांत धरलं नाही. नावही वाचलं ते दुसरीचं.

शेवटची वही प्रभाताईंनी स्वतः काढून दिली. त्याच वर्षीची. डाव्या बाजू भरलेल्या, उजवी पानं कोरी. घरी ऐकायला कोणी नव्हतं तरी त्या दोन दिवस बसून लिहीत होत्या. पहिल्याच पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'श्रद्धांजली. दोन मिनिटं सांगितली. चाळीस सेकंद झाली.' मला पुढे वाचवेना. मी म्हणालो, ताई, माझं चुकलं. तुम्हाला पाहिलं आणि घाबरलो. तुमचं नाव...

"माझ्या नावाचं काही नाही रे," त्या म्हणाल्या. "माणूस जिवंतपणी आपली श्रद्धांजली ऐकतो, किती लोकांच्या नशिबी येते? उभी राहिले ती मी शशीसाठी. मला वाटलं, नाव कोणाचं का घेईना, गेली तर आमच्याच घरची आहे, हे दोन मिनिटं तिचे. अन् तू चाळीस सेकंदांत बसवलं सगळ्यांना."

त्या रडत नव्हत्या. मीच बशीतला चहा सांडला. जाताना त्यांनी दारापर्यंत येऊन सांगितलं, "पुढल्या वर्षी तिचं नाव वाच. शशिकला साठे, पूर्ण नाव. अन् माझं पुन्हा वाचू नको. माझं एकदा झालं." मी म्हटलं, असं काय बोलता ताई, तुम्ही स्वतःच असाल की ऐकायला. त्या म्हणाल्या, "असले तर असले."

त्यानंतर मी जात राहिलो, पण वचन दिल्यासारखा नाही, सोयीनं. कधी महिन्यानं, कधी दोन महिन्यांनी. पावसाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. इंदूरहून भाचा आला, ऑपरेशन करून घेतलं, परत गेला. मग त्याच खिडकीशी, त्याच खाटेवर प्रभाताई पडल्या. सरिता करायची सगळं. शेवटचा गेलो तेव्हा त्या खूप बारीक झाल्या होत्या, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. मला म्हणाल्या, इथून पडून पाहिलं तर फक्त समोरच्या घराची टाकी दिसते, शशी इतकी वर्षं काय पाहत होती? मी काहीतरी धीराचं बोललो. ते त्यांनी ऐकून घेतलं. यंदा मेळ्याला तुम्हाला खुर्चीत बसवून घेऊन जाऊ, असंही मी म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो. त्या म्हणाल्या, "यादी झाली का तुझी?" मी म्हटलं, अजून वेळ आहे. महिन्याभरात सरिताचा फोन आला.

ग्वारीघाटावर आम्ही अकरा जण होतो. नर्मदेवरून गार वारा येत होता आणि लाकडं लवकर पेटेनात. मंडळाचे चौघे आले होते, त्यांतले दोघे माझ्याकडे बघून आपसात काहीतरी बोलले. काय बोलले असतील ते मला ठाऊक आहे. शंभरी गाठणार म्हणून सांगणारेही त्यांत होते. तेराव्यानंतर भाच्यानं घर आवरायला काढलं. त्यानं वह्यांची चळत माझ्या पुढ्यात ठेवली. "काका, ये आप रख लो. मला वाचता येते थोडं, पण आत्यांचं इतकं नाही समजणार," तो म्हणाला. त्याच्या मुलीनं एक वही उघडून पाहिली आणि हिंदीत विचारलं, की ही दोन माणसं भांडतायत का? भाचा म्हणाला, नाही, गप्पा मारतायत.

गेल्या आठवड्यात कार्यकारिणीची बैठक झाली. यादी माझ्याकडे यायच्या आधीच तयार होती आणि वर ठळक अक्षरांत प्रभाताईंचं नाव होतं, 'मेळ्याच्या मार्गदर्शक' वगैरे. मी सांगितलं, हे नाव काढा आणि शशिकला साठे लिहा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. यादी श्रोत्यांची आहे, त्या कधी आल्या नाहीत, असं एक जण म्हणाला. माझाच हिशेब मला परत मिळाला. दुसरे म्हणाले, त्यांना जाऊन वर्ष उलटलं, आणि प्रभाताईंचं नाव नाही वाचलं तर लोक काय म्हणतील? मग मी गेल्या वर्षीचं सगळं सांगितलं. फोन एकदाच लावला, गेलो नाही, माइकवर खोटं तसंच राहू दिलं, मागच्या जिन्यानं पळालो, सगळं. वही उघडून दाखवली. ती हातोहात फिरली. मग अध्यक्षांनी घसा साफ केला आणि दोन्ही नावं वाचू, म्हणजे वाद नको, असा तोडगा काढला. तो मंजूर झाला. टाइप केलेल्या यादीत आता दोन्ही नावं आहेत. पण माइक माझ्या हातात असणार आहे. मी एकच वाचणार. पुढच्या वर्षी मला सचिव ठेवलं नाही तरी चालेल.

तर संपादकांनी मागितलेल्या सूचना. कवींच्या नावांपुढे ठिपके द्यायची माझी लायकी नाही, ते दोघींबरोबर गेलं. पण एवढं सांगतो. मेळ्याला या. सकाळी थंडी असते, शाल आणा. पंख्याखाली बसू नका, पंखे बंद असले तरी नको, कारण ते कोणीतरी सुरू करतंच. पाहुण्यांची दुसरी कविता ऐका. मुलांना आणा. एखादी ओळ आवडली तर लिहून घ्या आणि घरी जो येऊ शकत नाही त्याला वाचून दाखवा, तो तुमच्यापेक्षा चांगला श्रोता असू शकतो. दाराशी, शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी दिसली तर खुशाल बसा. ती मी कोणासाठी राखून ठेवलेली नाही. त्यांना असले प्रकार आवडले नसते. शेवटची वही मी माझ्या टेबलावर ठेवली आहे. उजवी पानं कोरीच आहेत. त्यांवर लिहावं असं मला दोनदा वाटलं, पेन हातात घेतलं आणि ठेवून दिलं.

आणि उद्घाटनाच्या आधी या. उशिरा येऊ नका. येताना हातावर घड्याळ बांधा, सेकंदकाटा असलेलं. मी शशिकला साठे हे नाव वाचेन आणि दोन मिनिटं उभं राहायला सांगेन. मी मान वर करणार नाही असं ठरवलंय, पण माझा मलाच भरवसा नाही, शेवटच्या रांगेकडे नजर जाईल आणि मी पुन्हा घाबरेन. दोन मिनिटं व्हायच्या आत मी 'बसा' म्हणालो, तर बसू नका.